कॉम्प्युटरवर वाजते, स्टिरिओवर नाही

भाचीने सीडींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मामा, लॅपटॉपवर सगळ्या वाजतात, स्टिरिओवर एकही धड वाजत नाही. स्टिरिओ टाकून देऊ का?" स्टिरिओ जुना, वरचं झाकण उघडून सीडी ठेवायची तसला. एमपीथ्री हा शब्द कानावर पडायच्या आधी बनलेला. गठ्ठा मात्र अनेक हातांचा होता. काही सीडी तिच्या वडिलांनी कॅसेटवरून उतरवलेल्या, काही तिने स्वतः राइट केलेल्या, काही मित्रमंडळींकडून आलेल्या आणि उरलेल्या कोणाच्या हे कुणालाच सांगता येईना.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी लेन्स क्लिनरकडे जातो. मी आधी एक ओरिजिनल, म्हणजे कारखान्यात छापून आलेली सीडी लावली. ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजली. म्हणजे मोटर, लेझर, स्पीकर सगळं जिवंत होतं. मग गठ्ठ्यातली एकेक सीडी लावत गेलो, पण दुरुस्तीला हात घातला नाही. फक्त झाकणाला कान लावून बसायचं आणि पडद्यावर काय येतं ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्या सीडीच्या कव्हरात सरकवायची.

कान लावायचं कारण असं, की झाकण बंद झाल्यावर प्लेयर ठरावीक क्रमाने कामं करतो आणि ती ऐकू येतात. आधी लेन्स वरखाली होते, समोर चकती आहे का ते चाचपते. त्याची बारीक टिकटिक येते. परत आलेल्या प्रकाशावरून चकती आहे असं वाटलं की ती जोरात फिरू लागते. मग लेन्स सगळ्यात आतल्या कडेला जाते, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गाण्यांची अनुक्रमणिका, जिला टीओसी म्हणतात, ती तिथे असते. अनुक्रमणिका मिळाली की पडद्यावर गाण्यांची संख्या आणि एकूण वेळ उमटते. एवढं झाल्यावरच प्ले दाबण्यात अर्थ. "सीडी वाजत नाही" ही तक्रार यातल्या कोणत्या पायरीवरची आहे हे कळलं की निम्मं काम झालं. ते न बघता सगळ्यांवर एकच औषध चोळण्यात काही हशील नाही.

चिठ्ठ्या बघून गठ्ठ्याचे ढीग पाडले. सगळ्यात मोठा ढीग होता गमतीदार वागणाऱ्यांचा: पडद्यावर ट्रॅक १, घड्याळ व्यवस्थित पुढे सरकतंय, आणि स्पीकरमधून चकार आवाज नाही. बहुतेक सगळ्या भाचीच्या. यांत काहीही बिघडलेलं नव्हतं, त्या म्युझिक सीडीच नव्हत्या. एमपीथ्री फायली पेन ड्राइव्हवर टाकाव्यात तशा सीडीवर टाकलेल्या. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या मूळ ऑडिओ सीडीत फाइल, फोल्डर असला प्रकारच नाही. तिथे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनल, एवढाच कच्चा माल एका लांबलचक सर्पिल रेघेत ओतलेला असतो. जुन्या स्टिरिओला तेवढंच वाचता येतं. डेटा सीडी मिळाली तर अनुक्रमणिकेत "हा डेटा आहे" अशी खूण असते, ती बघून शहाणा प्लेयर आवाज बंद ठेवतो आणि घड्याळ चालू देतो. अगदी सुरुवातीचे काही प्लेयर ती खूण बघत नसत आणि कान फाटेल असा खरखराट काढत. त्यामानाने हा स्टिरिओ सज्जन निघाला.

ओळखायला स्टिरिओही लागत नाही. सीडी विंडोजमध्ये उघडायची. 'ट्रॅक०१.सीडीए' अशा इवल्याशा फायली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी, आणि गाण्यांच्या नावाच्या चार-पाच एमबीच्या एमपीथ्री फायली दिसल्या तर डेटा. या सीडीए फायली म्हणजे गाणी नव्हेत, त्या गाण्याकडे बोट दाखवणाऱ्या नुसत्या पाट्या आहेत. गठ्ठ्यात एक सीडी अशीही निघाली जिच्यावर कोणीतरी या पाट्याच कॉपी केल्या होत्या. पूर्ण सीडीवर जेमतेम काही केबी. तीवर मात्र "बेस्ट कलेक्शन" असं झोकात लिहिलेलं.

भाचीला मी बोल लावणार नाही. विंडोजमध्ये कोरी सीडी टाकली की खिडकी विचारते: ही डिस्क कशी वापरणार, 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' की 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेयर'? स्टिरिओवर लावायची असलेला कुठलाही भला माणूस दुसरा पर्याय निवडेल. निवडला की तयार होते डेटा सीडीच! 'सीडी प्लेयर' या शब्दांचा तिथला अर्थ एवढाच, की फायली वाचू शकणाऱ्या यंत्रात ती चालेल. ज्याने ही वाक्यं लिहिली त्याने आयुष्यात जुना स्टिरिओ पाहिला नसावा. ऑडिओ सीडी हवी असेल तर त्या खिडकीच्या वाटेला न जाता विंडोजचा जुना मीडिया प्लेयर उघडायचा, बर्नच्या टॅबमध्ये जायचं आणि कोपऱ्यातल्या बारक्या मेनूत 'ऑडिओ सीडी' निवडलंय ना हे बघायचं. तिथे 'डेटा सीडी' हाही पर्याय असतो आणि मागच्या वेळचा तसाच राहिलेला असू शकतो. दुसरा कुठला प्रोग्रॅम असेल तर त्यातही नव्या कामाची सुरुवात 'ऑडिओ' प्रकारापासून करायची. तो प्रोग्रॅम एमपीथ्री उलगडून कच्चा आवाज बनवतो आणि तो राइट करतो.

एक सोपी खूण मी तिला फोनवर सांगितली: "सीडीवर किती एमबी मावतात ते बघू नकोस. प्रोग्रॅम मिनिटं मोजत असेल तर बरोबर, एमबी मोजत असेल तर थांब." सातशे एमबीच्या सीडीवर ऑडिओ ८० मिनिटंच बसतो. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट लागणाऱ्या, एमपीथ्री फायली तेवढ्याच जागेत बारा तास बसतात. तिच्या सीडींवर दीडशे-दीडशे गाणी होती, तेव्हा एकेकीच्या आठ-दहा ऑडिओ सीडी होणार हे ऐकून ती म्हणाली, "मग राहू दे, गाडीत ऐकते." गाडीतला प्लेयर एमपीथ्री वाचणारा आहे, त्यामुळे ते बरोबरच होतं. तिथेही थोडी कटकट झालीच. एम-फोर-ए या दुसऱ्या प्रकारच्या गाण्यांच्या फायली त्याला कळल्या नाहीत, देवनागरी नावांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या, आणि १ नंतर १०, ११ वाजून मग २ वाजलं. फायलींची नावं रोमन लिपीत करून पुढे ०१, ०२ लावल्यावर क्रम सुधारला.

दुसरा ढीग छोटा होता. झाकण बंद, दोन-तीनदा टिकटिक, चकती नीट फिरलीसुद्धा नाही, आणि 'नो डिस्क'. या उलट्या करून बघितल्या तर मधल्या भोकाजवळ बारीक अक्षरात 'आरडब्ल्यू' छापलेलं. पुसून पुन्हा राइट करता येणाऱ्या सीडी. साध्या राइट केलेल्या सीडीवरून सुमारे ६५ टक्के किंवा जास्त प्रकाश परत येतो, आरडब्ल्यूवरून १५ ते २५ टक्केच. हा प्रकार १९९७ च्या सुमारास बाजारात आला. त्याआधीच्या यंत्रांना एवढ्या मंद प्रकाशावर काम करायला शिकवलेलंच नाही, त्यामुळे समोर चकती असूनही प्लेयरच्या लेखी ती नसतेच. यावर उपाय नाही. गाणी काढून घेऊन साध्या, एकदाच राइट होणाऱ्या सीडी-आरवर राइट करायची, विषय संपला.

मेहुण्यांच्या सीडींनी मात्र मला बराच वेळ गुंतवून ठेवलं. चकती फिरायची, लेन्स आतल्या कडेला कुरकुरत मागेपुढे व्हायची, मग यंत्र हात टेकायचं. लॅपटॉपला जोडलेल्या राइटरमध्ये त्याच सीडी बिनतक्रार वाजत होत्या, आणि नुसत्या वाचणाऱ्या एका जुन्या ड्राइव्हमध्ये नव्हत्या. हा फरक मोठा बोलका. मेहुण्यांनी कॅसेट उतरवल्या होत्या त्या कॉम्प्युटरवर नाही, तर कॅसेट डेकच्या शेजारी ठेवायच्या सीडी रेकॉर्डरवर. त्या यंत्राला कोऱ्या सीडीही खास 'फॉर म्युझिक' लिहिलेल्याच लागत, कॉम्प्युटरला त्यांची काही गरज नसते. आज दोन गाणी, उद्या तीन, जागा उरलीय तर पुढच्या कॅसेटमधलं काहीतरी, असं करत सीडी भरायची सोय त्यात होती. पण शेवटी 'फायनलाइज' चं बटण दाबावं लागतं. तोवर गाण्यांची नोंद एका कच्च्या वहीसारख्या जागेत असते, जी फक्त राइट करणारी यंत्रं उघडून बघतात. खरी अनुक्रमणिका फायनलाइज केल्यावरच लिहिली जाते. स्टिरिओ तीच शोधत होता आणि ती नव्हतीच.

सीडी दिव्याखाली तिरकी धरली की हे डोळ्यांनीही दिसतं. राइट झालेला भाग किंचित वेगळ्या छटेचा असतो. फायनलाइज केलेल्या सीडीवर ती छटा आतल्या कडेपासूनच सुरू होते. मेहुण्यांच्या सीडीवर आत एक अरुंद कोरी पट्टी सुटलेली दिसत होती. मेहुण्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो, ते बटण दाबलं की पुढे काही भरता येत नाही, म्हणून ठेवलं तसंच." कारण चोख होतं.

ते रेकॉर्डर केव्हाच बंद पडलेलं. काही प्रोग्रॅममध्ये अशी अर्धवट सीडी बंद करायची सोय असते. 'सीडीरेकॉर्ड' या लिनक्सवरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी 'फिक्स' नावाचा पर्याय आहे. काही सीडी त्याने बंद झाल्या आणि स्टिरिओने त्या लगेच ओळखल्या. उरलेल्यांना राइटरने दाद दिली नाही. त्यांची गाणी काढून घेऊन नव्या सीडीवर उतरवली.

याच ढिगाच्या जवळचा एक नमुना: एका सीडीवर राइटरला चौदा गाणी दिसायची आणि स्टिरिओला फक्त पाच. ती दोन बैठकींत, म्हणजे दोन सेशनमध्ये राइट केलेली होती. ऑडिओ प्लेयर पहिल्या सेशनची अनुक्रमणिका वाचतो आणि तिथेच थांबतो, पुढे आणखी काही असेल ही शंकाही त्याला येत नाही.

एवढं झाल्यावरही काही सीडी अशा उरल्या ज्या ऑडिओ होत्या, फायनलाइज होत्या, आरडब्ल्यू नव्हत्या, आणि तरी कधी ओळखल्या जायच्या, कधी नाही. आता लेन्सची पाळी. ओरिजिनल सीडी वाजते म्हणून स्टिरिओ निर्दोष, हे अर्धंच खरं. ओरिजिनल सीडीत खड्डे ठशाने उमटवलेले असतात आणि तिच्यावरून भरपूर प्रकाश परत येतो. राइट केलेल्या सीडीत खड्डे नसतातच, लेझरने रंगाच्या थरावर पाडलेले काळसर डाग असतात, आणि प्रकाशही थोडा कमी. लेन्सवर धुळीचा पातळ पडदा असला तर ओरिजिनल निभावून जाते आणि घरची सीडी काठावर नापास होते.

प्लग काढला, झाकण उघडलं. लेन्स मसुराच्या दाण्याएवढी असते आणि बारीक तारांवर लटकलेली असते, त्यामुळे दाबायचं नाही. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून, लेन्सवरून अलगद फिरवली. काडीचं टोक करडं झालं. कोरड्या काडीने एकदा पुसलं आणि सुकू दिलं. ब्रश लावलेल्या क्लिनर सीडीपेक्षा मला ही पद्धत बरी वाटते, निदान लेन्सला किती जोर लागतोय हे आपल्या हातात राहतं. झाकण उघडं असताना लेझर चालू होऊ नये म्हणून आत एक कळ असते. ती दाबून धरून "लागतो का बघू" म्हणत आत डोकावू नये. ७८० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्यात शिरतो. पुसल्यावर त्या काठावरच्या सीडींपैकी बऱ्याचशा पहिल्या फटक्यात ओळखल्या गेल्या.

राहिला शेवटचा ढीग, आणि खरा किचकट तोच. सीडी ओळखली जाते, सुरुवातीची गाणी छान वाजतात, आणि शेवटच्या दोन-तीन गाण्यांत टकटक, उड्या, मग गप्प. शेवट म्हणजे बाहेरची कड. तिथेच का बिघडावं? एक तर चकती पकडताना बोटं तिथेच लागतात. पुसताना गोल गोल फिरवायचं नाही, आतून बाहेर सरळ पुसायचं, कारण आडवा ओरखडा रेघेच्या थोड्याच भागाला छेदतो, तर रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खाऊन टाकतो. सीडीच्या रचनेत चुका भरून काढायची सोय अशी आहे, की रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गायब झाला तरी आवाज जसाच्या तसा परत मिळवता येतो. त्यापुढे प्लेयर अंदाजाने भरतो, आणि त्याच्याही पुढे टकटक.

पुसून काहींचं भागलं. एका सीडीचं कारण वरच्या बाजूला होतं. त्यावर गाण्यांची यादी बॉलपेनने, चांगलं दाबून लिहिली होती. चमकती बाजू वळवून बघितलं तर अक्षरं उलटी उमटलेली दिसली. खालची बाजू म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लास्टिक, तिथला ओरखडा घासून घालवता येतो. माहितीचा थर असतो वर, लेबलाच्या बाजूला, पातळशा लाखेच्या लगेच खाली. तिथे पेनचं टोक रुतलं की काम तमाम. दुसऱ्या एका सीडीवर पूर्ण गोल कागदी स्टिकर होतं, कडेला सुटू लागलेलं. राइटरमध्ये टाकली तर अख्खा ड्राइव्ह घुमायला लागला. सुटलेल्या टोकाबरोबर चंदेरी पापुद्राही निघाला होता. उजेडाकडे धरलं की तेवढ्या जागेतून पलीकडची खिडकी दिसत होती. स्टिकर ओढून काढायचा मोह टाळला, वेग कमी ठेवून जेवढी गाणी निघाली तेवढी काढून घेतली.

पण ज्यांच्यावर ना ओरखडा ना स्टिकर, अशा सीडींनीही शेवटी गचके द्यावेत याचं कारण राइट करण्याच्या वेगात होतं. ५२एक्स, म्हणजे सीडी वाजण्याच्या वेगाच्या ५२ पट, असं लिहिलेला ड्राइव्ह सुरुवातीपासून त्या वेगाने राइट करत नाही. आत तो बराच हळू असतो आणि बाहेर जाता जाता वेग वाढत जातो, कमाल वेग येतो तो बाहेरच्या कडेलाच. म्हणजे शेवटची गाणी सगळ्यात घाईत लिहिलेली. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह ओबडधोबड डाग पुन्हा पुन्हा वाचून बघू शकतो. स्टिरिओला मात्र गाणं चालू ठेवायचं असतं, त्याला एकदाच आणि त्याच क्षणी वाचायचं आहे. लॅपटॉपवर वाजते हा पुरावा म्हणूनच कामाचा नाही.

तीच गाणी, तशाच कोऱ्या सीडींवर, वेगवेगळ्या वेगाने राइट करून पाहिली. ५२एक्सवाली शेवटी अडखळली, १६एक्सवाली अडखळली नाही. त्याहून हळू केल्यावर काही फरक जाणवला नाही. "जितकं हळू तितकं चांगलं" हा जुना सल्ला जुन्या सीडींना लागू होता. आताच्या सीडींचा रंगथर जास्त वेगासाठी बनवलेला असतो आणि फार हळू भाजणंही त्याला मानवेलच असं नाही. दुसऱ्या बनावटीच्या सीडी, ज्यांची खालची बाजू गडद निळी असते, या स्टिरिओला जास्त पसंत पडल्या. दुसऱ्या स्टिरिओचं उलटं असू शकेल.

नव्या सीडी करताना 'डिस्क ॲट वन्स' निवडलं, म्हणजे पूर्ण सीडी एका दमात राइट होऊन बंदही होते. 'ट्रॅक ॲट वन्स' मध्ये प्रत्येक गाण्यानंतर लेझर थांबतो आणि दोन सेकंदांची शांतता येते. मेहुण्यांच्या एका सलग मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता टाळ्यांच्या ऐन मध्यात येत होती. जुन्या सीडीवरून गाणी काढायला 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम वापरला, कारण तो शंका आली की तोच भाग पुन्हा वाचतो आणि कुठे जमलं नाही ते सांगतो. घाईत काढलेल्या गाण्यातली टकटक नव्या सीडीवर कायमची कोरली जाते, मग कितीही लेन्स पुसा.

शेवटी एक सीडी हटून बसली. ७९ मिनिटांची. नवी सीडी, मध्यम वेग, स्वच्छ लेन्स, तरी शेवटच्या गाण्यात अडकणं चालूच. ८० मिनिटं बसवण्यासाठी रेघेचे वेढे जरा जवळजवळ आणलेले असतात आणि रेघ पार कडेपर्यंत जाते. हा स्टिरिओ ७४ मिनिटांच्या सीडींच्या जमान्यातला, तिथवर जाताना त्याची लेन्स दमते असं दिसलं. मेहुण्यांना विचारून त्यातली दोन गाणी दुसऱ्या सीडीवर हलवली. ती आता ७० मिनिटांची आहे आणि शेवटपर्यंत वाजते.